दादाची गाडी डावीकडेच वळते

मशिनाच्या पोटात काय दुखतंय, ते मला नुसत्या आवाजावरून कळतं! थाप वाटत असेल तर पुढचं वाचू नका. एकदा मी बंद पडलेल्या पंपाकडे रागाने पाहिलं, तर तो सुरू झाला. शेजारचाही झाला, आणि त्याला तर वीजसुद्धा जोडलेली नव्हती!

त्यामुळे वहिनी जेव्हा म्हणाल्या, "भावजी, ह्यांची गाडी उजवीकडे वळत नाही," तेव्हा मी पान्यासाठी हात पुढे केला.

ही गाडी म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, लाडकं लेकरू. डोंगर चढायला त्याने ती स्वतः जुळवलेली. छातीएवढाली चाकं, आणि स्टिअरिंग सगळं तेलावर. स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी दांडा नाहीच, नुसत्या नळ्या! स्टिअरिंग फिरवलं की नळ्यांतून तेल दाबाने धावतं आणि चाकं वळवतं. दादा गेल्यापासून ती शेडमध्ये उभी होती. त्या दिवशी डॉक्टरीणबाई तिला बघायला येणार होत्या. आमच्या फाटकातून उजवीकडे वळलं की जुन्या खाणीच्या कडेने वर वस्त्यांकडे वाट जाते, आणि बाईंचे सगळे रोगी त्याच वस्त्यांतले. गाडी वळली तर बाई नेणार. नाही वळली तर भंगारवाला गॅसकटर परजून तयारच होता.

"तिचे तुकडे झालेले मला बघवणार नाहीत हो," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी! मी जिवंत असताना?"

धुकं त्या दिवशी उठलंच नाही. भर दुपारी ते खाणीकडून सरकत येत होतं, कुणी ओली चादर फरफटत आणावी तसं. शेडचं दार दिसत होतं, दारापलीकडे जग म्हणून काही उरलं नव्हतं. एक पाखरू बोलेल तर शपथ!

मी इंजिन सुरू करून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. चाकं लोण्यासारखी वळली. उजवीकडे फिरवलं. थोडी वळली आणि ठक्! पलीकडून कुणीतरी पाय लावावा तशी थांबली.

"तेच अडवतायत," वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या. "खाणीकडे कुणी वळलेलं त्यांना खपायचं नाही."

"अहो, दादाला जाऊन वर्ष झालं!"

"वर्षभरात स्वभाव बदलतो का कुणाचा?"

मी तेल तपासलं. भरपूर होतं. नळ्यांतली हवा काढली. तरी ठक्! आता शहाण्या माणसाने आधी वाकून चाकामागे पाहिलं असतं. पण वाकतात ते नवशिके! मी थेट स्टिअरिंगखालचा वाटप्या खोलला. तेल कुठल्या नळीत सोडायचं ते हा ठरवतो. आत चांदणीसारखं दातेरी चाक. ते पुसलं आणि अंदाजाने परत बसवलं. एखादा दात इकडचा तिकडे झाला असेल. माझेही झालेत, जेवतोच ना मी!

इंजिन सुरू केलं आणि स्वतःची कामगिरी डोळे भरून बघायला खाली उतरलो.

स्टिअरिंग हललं.

आधी बोटभर. मग वीतभर. मग सावकाश, थांबत थांबत, डावीकडे फिरू लागलं. अगदी दादा फिरवायचा तसं! सीटवर कुणी नव्हतं. चाकं फरशीवर कुरकुरत वळत होती. माझ्या डोक्यावर केस नाहीत, तरी ते उभे राहिले!

वहिनी हात पुसत पुढे आल्या. "आलात?"

मी पाना सावरत दोन पावलं मागे सरकलो. वहिनी स्टिअरिंगलाच सुनावू लागल्या.

"अर्धा कप चहा टेबलावर तसाच, आणि माणूस उठून कायमचा गेलेला! ही काय पद्धत झाली?"

स्टिअरिंग टोकाला जाऊन थांबलं.

"बघा भावजी! मुद्द्याचं विचारलं की गप्प!"

इंजिन बंद करावं म्हणून मी वर चढलो, तर घाईत माझाच गुडघा गियरला लागला आणि गाडी निघाली! मी स्टिअरिंग पकडलं. त्याने माझं मनगट असं पिळलं की मी सुटलो तो थेट अंगणातल्या वाळूच्या ढिगावर! गाडी मात्र अंगणात डावीकडे गोल गोल फिरू लागली. धुक्यातून यायची, धुक्यात जायची. आणि मधोमध उभ्या राहून वहिनी तिच्याबरोबर फिरत तिला झापत होत्या. "छप्पर गळतंय, ते कोण बघणार? आणि मला एक हाक मारायला काय झालं होतं?"

इतक्यात डॉक्टरीणबाई आल्या.

"कोण चालवतंय?"

"माझे थोरले बंधू."

"दिसत नाहीत ते?"

"वारले."

"बरं," म्हणत बाईंनी माझी नाडी धरली! तेवढ्यात गाडी आमच्याच रोखाने आली. बाईंनी मला बाजूला ओढलं, गाडीने वाळूत नाक खुपसलं, घरघरली आणि गप्प झाली.

घसे तपासायची बॅटरी घेऊन बाई चाकाखाली वाकल्या. "हे काय आहे?"

चाक जिथे टेकून थांबतं तिथे एक बोल्ट होता, आणि त्याखाली वॉशरची ही एवढी चळत. बोल्ट पुढे आलेला, म्हणून चाक अर्ध्यातच अडकत होतं!

"ह्यांचंच काम," वहिनी म्हणाल्या. "कुणी चुकून खाणीत जायला नको म्हणून."

चळत काढली. वाटप्यातला दात खुणेशी जुळवून बसवला. चाकं टोकापर्यंत उजवीकडे वळली. ठक् नाही, काही नाही.

"नेते मी," बाई म्हणाल्या.

वहिनी स्टिअरिंगवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ते निमूट होतं.

"भावजी, तुमची मघाची चूक पुन्हा करता येईल का?"

"अं?"

"एकदाच. आमचं भांडण अर्धं राहिलंय."

मी बाईंकडे पाहिलं. त्या जुन्या टायरवर बसल्या. "करा. मी थांबते."

मी वाटप्या पुन्हा खोलला. दात एक घर सरकवला, पुन्हा एक सरकवला. कधी स्टिअरिंग जड झालं, कधी उलटं चाललं. पण आपणहून ते हललं नाही. केसभरही नाही! सगळी घरं संपली.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "बोलायचं नसलं की असंच करायचे." मग मी सगळं जागच्या जागी बसवलं, आणि बाई आत बसल्यावर वहिनींनी दार स्वतः लावून दिलं.

गाडी उजवीकडे वळली आणि खाणीच्या कडेपासून अंग चोरत, कुणी हात धरून न्यावं तशी धुक्यात गेली.

मघाशी स्टिअरिंग कुणी फिरवलं, ते मला विचारू नका. माझं दुःख वेगळंच आहे. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे आपणहून चूक मागितली, आणि मेली तीसुद्धा मला धड करता आली नाही!