बादली निशाणीचे परबकाका

परबकाकांनी मला आजवर नावाने हाक मारलेली नाही. मी 'पाच चाळीसवाली'. आमच्या गल्लीला पाणी पाच चाळीसला यायचं, म्हणून. घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर काका तीसेक वर्षं चावीवाले होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन गल्लीगल्लीतला व्हॉल्व्ह उघडायचा आणि त्याच्या झाकणावर तीनदा ठोकायचं. ठण्, ठण्, ठण्! की आम्ही अंथरुणातून बादल्यांकडे.

निवृत्तीला चावी जमा करावी लागली, तर या माणसाने लोहाराकडून तशीच दुसरी करून घेतली. बाजारातही ती खांद्यावर असते.

पाण्याला जोर आहे ना, एवढी एकच त्यांची चौकशी. "प्रेशर हा मा?" माझी परीक्षा असो, लग्नाची बोलणी असोत, प्रेशर हा मा? काकू गेल्या तेव्हा मी भेटायला गेले, तर एवढंच म्हणाले, "प्रेशरच गेलो गो."

यंदा पालिकेची निवडणूक लागली आणि काका आमच्या दारात. "पाच चाळीस, फॉर्म भर. मी उभो रवतंय."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. राज्यशास्त्रात बी.ए. केलं तेव्हा आजूबाजूचे म्हणाले होते, काय करायचंय त्याचं? आता बघा म्हटलं! सूचक मिळवला, अनुमोदक मिळवला. प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांच्या रकान्याशी मात्र काका अडले.

"लिव. एकदा मधल्या गल्लीक बारा मिनिटं पाणी जास्त सोडलंय."

"काका, हा गुन्हा नाही."

"खालची गल्ली सुकी रवली ती? त्यांका विचार!"

"का सोडलंत पण?"

"मयत होता थंय. पावण्यांची आंघोळ नको?"

मी 'निरंक' लिहिलं. काका दोन दिवस नाराज होते.

त्यांना निशाणी हवी होती नळ. ती चिठ्ठीत दुसऱ्याला गेली, आम्हाला बादली मिळाली. "नळ त्येका, बादली माका! भरतली कशी?" पण मी पेटले होते. प्रभागाचा नकाशा आणून लाल पेनाने गल्ल्या आखल्या, कुठल्या दिवशी कुठे जायचं ते लिहून दिलं. यार, जिंकूही, असं खरंच वाटायला लागलं होतं.

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी उमेदवार गायब. शोधत शोधत टेकडीच्या पार वर गेले, तर ठण्, ठण्, ठण्! वाट लागली! ही वरची गल्ली नव्या रचनेत पलीकडच्या प्रभागात गेलेली. इथलं एक मत आम्हाला पडणार नव्हतं. आणि दारादारांत विचारलं तर कळलं, काका चार दिवस इथेच येत होते.

"अहो काका, नकाशा बघितलात का?"

"बघितलंय. पाणी सोडताना माझी सुरुवात हयसूनच व्हायची."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. एक म्हाताऱ्या आजी चावीकडे बघत राहिल्या. "अगो बाई! तो ठोकणारा तूच काय रे?"

"होय."

"जन्मभर तुझ्या आवाजाने उठले मी. तोंड आज बघते. नाव काय तुझं?"

काकांच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. त्यावर नाव, फोटो, सगळं. ते त्यांनी दिलं नाही. टोपी काढली आणि फॉर्मवर लिहिलं होतं तसं सावकाश, पूर्ण सांगितलं, "गोविंद सखाराम परब."

भांडायला आलेली मी. नकाशा घडी करून पर्समध्ये टाकला.

आम्ही पडलो. बादलीचा तळ झाकला जाईल एवढीच मतं. निकाल सांगायला मी त्यांच्या खोलीत गेले, तर काका एकटेच चहा घेत होते. आकडा ऐकून म्हणाले, "प्रेशर कमी पडलो."

इतक्यात दाराच्या लोखंडी जाळीवर कोणीतरी ठोकलं. ठण्, ठण्, ठण्. काका दचकले. काकू गेल्यापासून त्या दारावर कोणी ठोकलेलं मला आठवत नाही.

"गोविंद हाय काय घरात?" बाहेर वरच्या गल्लीतल्या आजी, हातात डबा. "वडे आणलेत."

काका उठले. खुंटीवरची टोपी घातली, आरशात बघून नीट केली आणि दार उघडायला गेले.