लाल पेन्सिलीचे अभिप्राय

"मला वाचकाचा चेहरा बघायची गरजच नाही! परत आलेलं पुस्तक नुसतं हातात द्या, माणूस ओळखून दाखवतो!"

असं ग्रंथपाल येता-जाता सगळ्यांना ऐकवत. अगदीच थापा होत्या असंही नाही. पानांना लवंगेच्या तेलाचा वास आला, की पुस्तक दंतवैद्यांकडून आलंय. खुणेला जुनं तिकीट असलं, की बंद पडलेल्या थिएटरचे ऑपरेटर. आणि पानंच सुटून आली, की रक्तपेढीतल्या बाई. त्या पुस्तक वाचत नसत, पिळून काढत!

तर एवढ्या हुशार माणसाने पुढे जे करून ठेवलं, ते ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल.

ग्रंथालय होतं तळघरात. भिंतींना ओल, दिवसाही दिवा लावावा लागे, आणि लावला की जास्तच उदास वाटे. अशा जागी रक्तपिशाच्चांच्या कादंबऱ्या नाही चालणार, तर काय बागकामाची पुस्तकं चालणार? एकाच लेखिकेच्या अकरा कादंबऱ्या आणि त्यांवर निघालेले चार सिनेमे, एवढ्यावर ग्रंथालय तगून होतं. नायक सगळीकडे तोच. वय वर्षं तीनशे, पांढराफटक, दिवसभर शवपेटीत पडून राहणारा आणि अंधार पडला की लोकांच्या मानेकडे बघणारा. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ग्रंथपालांनी अभिप्रायासाठी कोरा कागद चिकटवला होता. "छान." "भीती वाटली." "सिनेमातला घोडा चांगला होता." लोक असं काहीबाही लिहीत. खाली ग्रंथपाल निळ्या शाईने उत्तर देत, सहीसकट.

आणि एक दिवस तिथे लाल पेन्सिल उगवली. मोठी मोठी सुटी अक्षरं, खाली नाव नाही. "लेखिकेला रक्ताचं फार कौतुक. एवढा मोठा किल्ला झाडतं कोण, ते एकदाही लिहिलेलं नाही."

ग्रंथपाल एकटेच खुदकन हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा!

कारण चौदा महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली होती. घरात उरली दोनच माणसं, ते आणि सासूबाई. सकाळी "चहा ठेवलाय." रात्री "जेवण झाकलंय." संपलं बोलणं. तिचं नाव काढलं तर समोरचं माणूस कोसळेल, या धाकाने दोघंही मुकी झाली होती. ग्रंथपाल संध्याकाळी फाटकी पुस्तकं घरी आणत, दार लोटून खळीने चिकटवत आणि वाळायला बाहेरच्या खोलीत वजनाखाली ठेवत. ती दोन-तीन दिवस तिथेच पडून असत. घर इतकं शांत, की खळ वाळल्याचाही आवाज यावा!

लाल पेन्सिल मात्र बोलत राहिली. ग्रंथपालांनी उत्तर लिहावं, रक्तपेढीतल्या बाईंनी पुस्तक न्यावं, फाडून आणावं, ग्रंथपालांनी ते घरी नेऊन शिवावं, आणि पुन्हा ग्रंथालयात आणून उघडलं की खाली लाल अक्षरांत टोला हजर! आता लाल शेरे जर नेमके बाईंनी फाडलेल्या पुस्तकांतच सापडतात, तर लाल पेन्सिल कोण? बाईच! दुसरं कोण असणार? ग्रंथपालांनी मिशी कातरून घेतली. पन्नाशी उलटलेल्या माणसालाही कुणाशी बोलावंसं वाटतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं पुढे आहे.

अकराव्या कादंबरीत लाल पेन्सिलीने लिहिलं, "हा नायक मला नवा नाही. आमच्या घरातही असाच एक आहे. दिवसभर बाहेर, आला की खोलीत. जिवंत आहे की नाही, ते ताट रिकामं झालं की कळतं."

ग्रंथपालांचं डोकंच फिरलं! त्यांनी तिथल्या तिथे निळी शाई उगाळली म्हणा ना. "असल्या माणसाजवळ एक दिवसही राहू नका! सरळ बॅग भरा आणि बाहेर पडा! रविवारी चार वाजता ग्रंथालयात चर्चा आहे, पुस्तक चांगलं की सिनेमा. अवश्य यावे. आपला, ग्रंथपाल."

पुस्तक त्यांनी बाईंच्या हातात दिलं आणि उगाचच घसा खाकरला. बाईंनी ते चार दिवसांत पुठ्ठ्यासकट सोलून आणलं. घरी दुरुस्ती झाली. शनिवारी ग्रंथालयात कागद उघडला, तर खाली लाल अक्षरं! "बॅग भरली. येते."

रविवारी ग्रंथपाल इस्त्रीचा शर्ट घालून उभे. श्रोते किती? तीन! आणि तिघंही वक्ते.

"एवढे लांब सुळे असल्यावर तोंड मिटणारच नाही!" दंतवैद्य कडाडले. "पुस्तकात निदान दिसत तरी नाहीत. सिनेमात चिकटवलेले स्पष्ट कळतात!"

"आणि रक्तगट?" रक्तपेढीतल्या बाई म्हणाल्या. "न तपासता पितो! पुस्तकातही आणि सिनेमातही!"

"ते राहू द्या हो," ऑपरेटर म्हणाले. "सिनेमाच भारी. शेवटी नायिका थडग्यातून उठून येते, अख्खं थिएटर रडायचं! पुस्तकात बिचारी मेली ती मेलीच."

इतक्यात दार करकरलं आणि आत आल्या सासूबाई. हातात बॅग.

ग्रंथपालांना घामच फुटला. आजच यायचं होतं का यांना! "आई, किल्ली विसरलात का?"

"नाही."

"मग घरी जा ना. इथे भुताखेतांच्या गप्पा चालल्यात, तुम्हाला त्रास होईल."

"बसते जरा. साडेपाचची बस आहे. बहिणीकडे चाललेय, कायमची."

"बरं, बरं," ग्रंथपाल म्हणाले. ऐकलंय कुणी! त्यांचं सगळं लक्ष बाईंच्या पायांशी बॅग दिसते का, तिकडे. शेवटी धीर करून ते पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमची बॅग कुठाय?"

"कसली बॅग?"

"घर सोडलंत ना?"

"मी का घर सोडू?" बाई ताडकन उठल्या. "काय बोलताय काय!"

"अहो, मीच नाही का तुम्हाला लिहिलं, घर सोडा म्हणून..."

"ग्रंथपाल!" दंतवैद्यही उठले. "तुम्ही वाचकांना घर सोडायला सांगता?"

"तो मागचा कागद... लाल पेन्सिल..." ग्रंथपालांची बोबडी वळली.

"मागचं पान मी कधी उघडतच नाही," बाई म्हणाल्या. "शेवट आधीच कळतो!"

 मग मागून आवाज आला.

"सिनेमाचा शेवट खोटा आहे." सासूबाई उभ्या राहिल्या होत्या, आणि बघत होत्या ऑपरेटरांकडे. "गेलेलं माणूस उठून येत नाही. पुस्तकात निदान तेवढं तरी खरं लिहिलंय. पण मागे राहिलेल्यांनी एका घरात कसं राहायचं, ते या लेखिकेने कुठेच लिहिलं नाही." मग त्या जावयाकडे वळल्या. "तुमचा सल्ला वाचला, जावईबापू. बॅग भरा म्हणालात. भरली."

ग्रंथपाल त्या तीनशे वर्षांच्या नायकापेक्षा पांढरे पडले.  

"यावर मतदान घ्यायचं का?" दंतवैद्यांनी विचारलं.

"जाऊ नका," ग्रंथपाल कसंबसं म्हणाले. "आई, जाऊ नका. मला त्या घरात एकट्याला भीती वाटते."

"मग हे तोंडाने बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही तरी कुठे बोललात!"

"मी लिहिलं की! अकरा पुस्तकांत लिहिलं!" सासूबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. कुणालाच कुठे बघावं कळेना. साडेपाचची बस गेली ती गेलीच.

बॅग उचलून ग्रंथपाल त्यांच्याबरोबर निघाले. अर्ध्या रस्त्यात त्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. मग ते म्हणाले, "तिला आवडल्या असत्या का हो या कादंबऱ्या?"

"तिला? तिसऱ्या पानावर घोरायला लागली असती! लग्नाआधीची तुमची पत्रं तिने मलाच वाचायला लावली होती."

"माझी पत्रं?"

"सगळी. उत्तरंही मीच सांगायची, ती नुसती लिहायची. फार पाल्हाळ असायचं हो तुमचं."

ग्रंथपाल रस्त्यातच थांबले. अरे देवा! म्हणजे तेव्हाही... "मग तिला मी आवडायचो की नाही?"

"आवडायचात ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हणायची, आई, पत्रं कसलीही लिहू दे, तो नुसता जवळ बसला तरी मला बरं वाटतं."

ग्रंथपाल पुढचा सगळा रस्ता रडतच चालले. घरी आल्यावर ते खोलीत गेले नाहीत. तडक स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंच्या शेजारी पाट मांडून बसले. म्हटलं, आता जवळच बसायचं.

पाच मिनिटं गेली. दहा मिनिटं गेली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "जरा सरका बघू. कणकेचा डबा तुमच्यामागे आहे."