रोमन म्यानाचं बूड

जांब समर्थचे कापडवाले गोपीकिशन यांनी एका गुरुवारी ठरवलं, की गावाला एकदाचं पटवूनच द्यायचं. नांगरटीनंतर वावरांतून फिरून जुन्या वस्तू वेचायचा त्यांना आणि त्यांचा दोस्त कडूबाला छंद. (दोघांच्या बायका वेगळा शब्द वापरायच्या.) कडूबाच्या वावरात त्यांना अंगठ्याएवढं काशाचं टोपण सापडलं होतं. अंगावर जाळीची नक्षी, खाली बोंड, बाजूला खिळ्याचं भोक. रामराव पाटील म्हणाले, हुक्क्याचं तोंड आहे. गोपीकिशननी मात्र औरंगाबादेत एका पुस्तकात अस्संच चित्र पाहिलं होतं. ते म्हणाले, हे रोमन शिपायाच्या तलवारीच्या म्यानाचं बूड. तेव्हापासून गाव त्यांना ‘रोमशेठ’ म्हणू लागलं.

त्यांनी औरंगाबादच्या एका जाणकार प्राध्यापकांना पत्र घातलं. छप्पन सालच्या वैशाखात प्राध्यापक आधी मोटारीनं, मग बैलगाडीनं, चित्रांची वही घेऊन हजर झाले. ओसरीवर निम्मं गाव जमलं. गोपीकिशननी ऐटीत ते बूड ठेवलेली डबी उघडली. आत नुसता कापूस.

बायकोला विचारलं, तर भगवतीदेवी शांतपणे म्हणाल्या, "माँजींच्या काठीचं टोक झिजल्तं. त्याला हे बराबर बसलं. भोक होतंच, मंग खिळा ठोकला."

"अन् माँ कुठंय?"

"राममंदिरात गेल्यात."

दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू फरशीवर टकटक करत गावभर हिंडत होती. गोपीकिशन धोतर सावरत पळाले, मागून सगळी ओसरी.

गोपीकिशनच्या आई लाडबाई मंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या आणि काठी सोडायला तयार नव्हत्या. शेवटी प्राध्यापक त्यांच्यापुढे जमिनीवर पालथे झाले. भिंगातून नक्षी पाहिली, बोंड पाहिलं, वहीतल्या चित्राशी ताडलं. (लाडबाईंनी त्यांना आशीर्वाद दिला.)

"शेठजी," प्राध्यापक उठत म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर. रोमन म्यानाचंच बूड आहे हे. पैठणच्या व्यापाऱ्यांबरोबर आलं असणार. आतून म्यान लाकडाचं असायचं, खिळाही याच भोकात ठोकायचे. बसवलंय कुणी इतकं नीट?"

कडूबानं गोपीकिशनना कडकडून मिठी मारली. रामराव स्वतः जाऊन पेढे घेऊन आले. उपटलं तर बूड चिरेल, म्हणून प्राध्यापकांनी संग्रहालयासाठी अख्खी काठीच मागितली. गोपीकिशननी ती मोठ्या मनानं तिथंच देऊन टाकली. (काठी आईची होती.)

मग लाडबाई काठीऐवजी लेकाच्या खांद्यावर हात ठेवून घरी निघाल्या, मागून भगवतीदेवी. रोमशेठ दारोदार थांबून विजय सांगत होते. दर दाराला लाडबाईही उभ्या. पाचव्या दारी त्या सुनेला म्हणाल्या,

"लाकडाची काठीच बरी होती गं. जल्दी चालायची, अन् बोलायची बिलकुल न्हाई."