आरशावरची वाफ

भुऱ्याच्या उजव्या नाकपुडीतून रक्त येऊ लागलं, तेव्हा कशेळ्यातल्या त्या आळीत प्रत्येकानं आपापलं निदान सांगून टाकलं. शेजारच्या मोतीबाईच्या मते कुत्र्याला उष्णता बाधली होती. नागूच्या मते ओढ्यावर पाणी पिताना नाकात जळू शिरली होती. भुऱ्याच्या मालकानं, हिरामणनं, दोघांचाही मान राखला. कांदा हुंगवला, मिठाचं पाणीही सोडलं. भुऱ्या शिंकला आणि भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. पुढे डोळ्याखाली सूज आली, तेव्हा त्याला जीपमध्ये घालून कर्जतला नेलं.

जनावरांच्या डॉक्टर पौर्णिमा मॅडमनी त्याच्या नाकासमोर आरसा धरला. डावीकडे वाफ धरली. उजवीकडे काच कोरडी.

"इकडून हवाच येत नाही. गाठ असावी. तुकडा काढून मुंबईला पाठवते. चांगली की वाईट, ते तिथून कळेल."

"चांगली गाठ पण असती?" हिरामणनं आशेनं विचारलं.

"असते," मॅडम आरसा पुसत म्हणाल्या. "कुत्र्याच्या नाकात सहसा नसते."

घरी आल्यावर हिरामणनं बायकोला समजावायला दाढीचा आरसा काढला आणि तिच्याच नाकाशी धरला. "हे बघ इंदू, धडधाकट नाकाची वाफ दोनी बाजूंना सारखी..." आरशाची एक बाजू कोरडीच राहिली.

"अवो, गप का झालात?"

"काय नाय."

"काय नाय तर तोंड असं का केलंत? द्या इकडं आरसा!"

इंदूबाईचं रडणं ऐकून मोतीबाई धावत आली. आरसा धरला तर मोतीबाईचीही डावी बाजू बंद निघाली. नागूची उजवी. संध्याकाळपर्यंत आळीतलं एकही नाक पास झालं नाही.

"कुत्र्याचंच लागलं रं समद्यांना!" मोतीबाईनं निकाल दिला. भुऱ्याची ओटीवरून गोठ्यात बदली झाली. त्याची थाळी काठीनं सरकवली जाऊ लागली. काठी इंदूबाईच्या हातात असे आणि ती दुसरीकडे बघत असे.

शेवटी सगळी आळी जीपमध्ये कोंबून माणसांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर बराच वेळ हसले. "अहो, कुत्र्याची गाठ माणसाला लागत नाही. आणि नाकाच्या दोन बाजू आळीपाळीनं काम करतात. एक चालते, एक विसावा घेते. जा घरी."

परतताना नागूनं पेढे घेतले. जीपमध्ये हसण्याचा नुसता कल्ला. तेवढ्यात हिरामणचा फोन वाजला. मॅडम होत्या. गाठ वाईट निघाली होती. मुंबईला नेऊन किरणांचा शेक देता येईल, पण भुऱ्याचं वय झालेलं. दुखू नये म्हणून गोळ्या देते, म्हणाल्या.

"काय म्हनत्यात मॅडम?" नागूनं पेढा चघळत विचारलं.

हिरामणनं सगळ्यांच्या आनंदी चेहऱ्यांकडे पाहिलं. "लागनारं नाय, म्हनाल्या."

"बघ! मी म्हनलं नव्हतं?" मोतीबाई म्हणाली.

घरी पोचल्यावर जरा ओशाळून तिनं भुऱ्यापुढेही एक पेढा ठेवला. भुऱ्यानं नाक खाली नेलं, तसंच धरलं, आणि काय ठेवलंय ते न कळून तिच्याकडे पाहत राहिला.

"लाडावलंय मेलं! पेढाबी नको त्याला."

इंदूबाईनं सवयीनं उचललेली काठी टाकली, खाली बसली आणि पेढा कुस्करून त्याच्या जिभेवर ठेवला.