वरच्या कुलपाची किल्ली

रविवार, १२ नोव्हेंबर. रजया गच्चीवर टाकायच्या होत्या. दिल्लीत दिवाळी उलटली की हे काम करावंच लागतं, नाहीतर पहिल्या थंडीला घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास. यंदा त्यात बांधाबांधीची भर. महिनाअखेरीस आम्ही मयूर विहार सोडून द्वारकेला राहायला जाणार होतो. रजयांच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली शोधताना खुंटीवरची दुसरीच एक किल्ली हाताला लागली आणि आठवलं, की एक काम राहिलंय. ठाकूरदेसाईसाहेबांची किल्ली कोणाला द्यायची?

ही त्यांच्या घराची किल्ली. पण हिनं त्यांचं घर उघडत नाही. अर्धंच उघडतं.

साहेब आमच्याच विंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. आम्ही पहिल्यावर. त्यांच्या दाराला दोन कुलपं आहेत. खालचं किल्लीनं लावायचं, वरचं मात्र दार ओढलं की आपोआप बसतं. खालच्याची किल्ली साहेबांकडे, वरच्याची दुसऱ्या कोणाकडे तरी. दोन्ही किल्ल्या एका माणसाच्या हातात कधीही जाता कामा नयेत. बँकेच्या तिजोरीचा हा नियम. त्याला जॉइंट कस्टडी म्हणतात. साहेबांनी बँक सोडली, नियम घरी आणला.

बँकही त्यांनी साधी सोडली नाही. चिपळूणच्या शाखेत कारकून म्हणून लागलेला माणूस दिल्लीच्या झोनल ऑफिसात मोठ्या केबिनमध्ये बसला होता. जनरल मॅनेजर व्हायला एक पायरी उरली होती. त्या सुमारास देशात सगळीच दारं उघडायला लागली होती. लक्ष्मीनगरचा भाटिया नावाचा व्हिडिओ कॅसेटवाला कर्ज मागायला आला. त्याला गच्चीवर डिशची छतरी बसवून घराघरांत केबल टीव्हीची तार न्यायची होती. साहेबांनी प्रस्ताव तपासला, पास केला आणि वर पाठवला. वरून तो परत आला. शेरा होता, 'आकाशातून येणाऱ्या गोष्टीला तारण काय?'

साहेबांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि भाटियाचे भागीदार झाले.

"अहो, पण नोकरी का सोडलीत?" मी एकदा विचारलं होतं.

"प्रस्ताव मी तपासला होता, कर्णिकवहिनी. मी पास केलेली गोष्ट चुकीची निघणार असेल, तर ती मला जवळून बघायला हवी."

चुकीची निघाली नाही. पटपडगंजच्या सोसायट्या झाल्या, मग वैशाली, वसुंधरा, मग इंदिरापुरमचे टॉवर. जिथे बिल्डरनं खांब उभे केले तिथे साहेबांची तार आधी पोचायची. मग डीडीए मार्केटच्या तळघरात त्यांनी स्वतःचं चॅनेल काढलं. 'आपका पड़ोस'. रोज संध्याकाळी बातम्या. पाणी कुठे येणार नाही, कुठल्या सोसायटीत निवडणूक, कोणाचं लग्न. पुढे एक फुकट साप्ताहिकही निघालं, त्यात बातम्या कमी आणि तीन खोल्यांच्या फ्लॅटच्या जाहिराती जास्त. दिल्लीकरांनी त्यांच्या आडनावातला देसाई गाळून टाकला. ते झाले 'ठाकुर साहब, मीडियावाले'. लोकांना ते उत्तर प्रदेशातले जमीनदार वाटायचे. साहेबांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. म्हणाले, "वसुलीला बरं पडतं."

पण माणूस आतून बँकेचाच. तळघरात पहिल्याच दिवशी त्यांनी मेकर-चेकर सुरू केलं. बातमी एकानं लिहायची, ती दुसऱ्यानं तपासून पास करायची, मगच ती वाचायची. "मेकर कौन? चेकर कौन?" हा त्यांचा रोजचा जप. एकदा टफी नावाचा पांढरा कुत्रा हरवला. बातमी पास झाली. दुपारी कुत्रा सापडला आणि कोणीतरी त्याला स्टुडिओतच आणून बांधलं. सापडल्याची बातमी लिहिली गेली, पण त्या दिवशी चेकर रजेवर. संध्याकाळी रश्मी नावाची मुलगी गंभीर चेहऱ्यानं टफी हरवल्याचं वाचत होती आणि टेबलामागून एक पांढरी शेपटी वर-खाली होत होती. फोनवर फोन.

"ठाकुर साहब, कुत्ता तो आपके पास बैठा है!"

"बैठा होगा," साहेब म्हणाले. "अभी पास नहीं हुआ है."

दुसरं खूळ बदल्यांचं. एका खुर्चीवर तीन वर्षं बसलेला माणूस म्हणजे शंका. म्हणून कॅमेरावाल्याला बातम्या वाचायला लावलं, रश्मीला जाहिराती आणायला पाठवलं आणि हिशेबनिसाला कॅमेरा दिला. त्या महिन्यात अख्ख्या पूर्व दिल्लीनं फक्त वाचणाऱ्याची हनुवटी पाहिली. घरीही तेच. जेवायच्या टेबलावरच्या जागा दर तिमाहीला बदलायच्या. स्वयंपाकाच्या बाईची त्यांनी आमच्याकडे बदली करायची आणि आमच्या बाईला वर बोलवायचं, असंही ठरवलं होतं. दोन्ही बायकांनी एकदम राजीनामे दिले, तेव्हा तो आदेश मागे घेतला.

या सगळ्याचा भार विभाताईंवर. साहेबांची बायको. वरच्या कुलपाची किल्ली तेव्हा त्यांच्याकडे असे. म्हणजे एकाला घरी यायचं तर दुसऱ्यानंही यायला हवं. नवरा-बायको बाहेर असले की जो आधी येईल त्यानं जिन्यात बसायचं. विभाताई म्हणायच्या, "माझं लग्न नाही हो झालं, पोस्टिंग झालं." एकदा साहेब गुडगावला अडकले आणि विभाताई भाजी घेऊन पायरीवर बसल्या. बसल्या त्या मटार सोलायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस मल्होत्रा आल्या, मी गेले, आणखी दोघी आपापल्या पिशव्या घेऊन आल्या. साहेब येईपर्यंत साऱ्या विंगचे मटार सोलून झाले होते. साहेबांनी खिशातून किल्ली काढली, विभाताईंनी कमरेची काढली, दोघांनी आपापलं कुलूप उघडलं आणि दोघंही आत गेली. आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो.

विभाताई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. आजार लांबला नाही. तेरावा झाला, मुलगी मनीषा पुण्याला परतली आणि त्याच संध्याकाळी साहेब आमच्या दारात उभे. हातात ही किल्ली.

"कर्णिकवहिनी, कस्टोडियन म्हणून तुमचं नाव पास झालंय."

"कोणी पास केलं?"

"हिनं. मागेच सांगून ठेवलं होतं."

मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. मला फालतू कामं आवडत नाहीत. "साहेब, एक कुलूप काढून टाका ना," असं मी सांगून पाहिलं. "नियम आहे," एवढंच उत्तर. तेव्हापासून रोज बातम्या संपल्या की साहेब जिना चढताना आमची बेल वाजवायचे. मी हातातलं काम टाकून, कधी कणकेच्या हातानं, कधी कुकरची शिट्टी मोजायला नवऱ्याला बसवून, तीन मजले चढायची. लिफ्टचा भरवसा नसे. साहेब खालचं कुलूप उघडायचे, मी वरच्यात किल्ली फिरवायची, दार उघडायचं. मग उंबऱ्यात ते विचारायचे, "आज काय विशेष?"

"काही नाही."

"नोंद घेतली."

की मी खाली. मी गावाला गेले की हे काम नवऱ्याकडे. तो म्हणायचा, "बँकेनं आपल्याला निदान एक कॅलेंडर तरी द्यावं."

आणि आता आम्हीच निघालो होतो. साहेबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "नवा कस्टोडियन मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर शाखा बंद. मनीषा पुण्याला बोलावतेच आहे." शाखा म्हणजे फ्लॅट, चॅनेल, सगळंच. मला वाटलं थट्टा आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच फ्लॅटचे कागद काढून कुणाला तरी दाखवले. मोठ्या कंपनीनं तारांचं जाळं विकत घेतलं तेव्हासुद्धा चॅनेल न सोडलेला माणूस, एका किल्लीपायी सगळं गुंडाळायला निघाला होता.

मी नावं सुचवली. सोसायटीचे सेक्रेटरी गुप्ताजी?

"तीन टर्म एकाच खुर्चीवर आहेत. अशा माणसाला मी चमचासुद्धा देणार नाही."

दुसऱ्या मजल्यावरचे कर्नल?

"स्वतःच्याच घराची किल्ली विसरतात."

मिसेस मल्होत्रा? तुमच्या अगदी खालच्याच मजल्यावर, दिवसभर घरी.

"छे! फार बोलतात. कुलूप उघडायला एक मिनिट आणि निरोप घ्यायला अर्धा तास. कस्टोडियन तुमच्यासारखा हवा. यायचं, किल्ली फिरवायची, जायचं."

तर तो रविवार. दिवसभर रजया उलट्यापालट्या केल्या. अर्ध्याच झाल्या. संध्याकाळी त्या पेटीत भरत असताना बेल वाजली. मी पेटीला कुलूप घातलं, खुंटीवर हात मारला आणि निघाले. जिन्यात साहेब नेहमीसारखे दोन पायऱ्या पुढे. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर मुठीत पाहिलं तर पेटीचीच किल्ली. पेटीची कमरेला खोचायची ती हातात राहिली होती आणि साहेबांची खुंटीवरच होती.

"साहेब, थांबा, चुकीची किल्ली—" असं मी म्हणते आहे तोवर त्यांनी खालचं कुलूप उघडलं, आणि सवयीनं दार ढकललं.

दार उघडलं.

माझी किल्ली अजून माझ्या हातात होती. तीही रजयांच्या पेटीची.

साहेब तसेच उभे राहिले. पाठ माझ्याकडे. त्यांच्या खांद्यावरून मला दाराची आतली बाजू दिसत होती. वरच्या कुलपाची जीभ आत ओढून ठेवलेली होती आणि ती बाहेर येऊ नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली होती. पट्टी जुनी होती. कडा काळ्या पडून वळल्या होत्या, मध्ये पार पिवळी. कालपरवाची नव्हे. ते कुलूप लागत नव्हतंच. विभाताई गेल्यापासून लागलं नसावं.

आत अंधार होता. टेबलाभोवती चार खुर्च्या, त्यांतली एकच बाहेर ओढलेली.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हे, की इतकी वर्षं तीन-तीन मजले चढवले या माणसानं मला. दुसरं आलं ते, की बँक सोडल्यापासून हा माणूस त्या उंबऱ्यातून कधी एकटा आत गेलेलाच नाही. दारात कायम दुसरं कोणीतरी असायचं. तशी सोयच केली होती त्यानं.

साहेबांनी दिवा लावला. वळले नाहीत.

"आज काय विशेष?" त्यांनी विचारलं. आवाज जरा खाली होता.

मी "काही नाही" म्हणणार होते. म्हटलं, "रजया अर्ध्याच झाल्या. उरलेल्या उद्या. आणि तुमचं वरचं कुलूप जरा जड चालतंय. तेल घालायला हवं."

साहेबांनी पट्टीची वळलेली कडा अंगठ्यानं दाबून बसवली.

"नोंद घेतली," साहेब म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "शाखा उघडली?" मी "हो" म्हटलं आणि पोळ्या टाकायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जायच्या आधी मी खुंटीवरची बरोबर किल्ली घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर मिसेस मल्होत्रांची बेल वाजवली. त्या गाऊनवर शाल घेऊन बाहेर आल्या. त्यांना काम सांगितलं. काय आहे ते सगळं सांगितलं नाही. रोज संध्याकाळी एक मजला चढायचा, एवढंच.

"बस इतना? भाभीजी, मैं तो वैसे भी उस टाइम बोर होती हूँ. हमारे ये टीवी के आगे, मैं दीवार के आगे."

त्यांना घेऊन वर गेले. साहेब चहाचा कप घेऊन दारात आले आणि आम्हा दोघींना पाहून त्यांचा चेहरा पडला.

"वहिनी, यांचं नाव पास झालेलं नाही."

"मेकर मी आहे," मी म्हटलं. "किल्लीचा चार्ज द्यायचा तर जुना आणि नवा, दोघं हजर हवेत, हे तुम्हीच मला सांगितलंय. आणि नव्या माणसानं किल्ली फिरवून बघायची. बाहेर या, दार ओढून घ्या."

ते बाहेर आले. दार ओढलं. खालचं कुलूप लावलं, उघडलं. मग मिसेस मल्होत्रांनी वरच्यात किल्ली घातली. साहेब माझ्याकडे पाहत होते. निवडणुकीचा निकाल ऐकतानाही त्यांना मी इतकं ताठ उभं पाहिलं नव्हतं.

"अरे, ये तो मक्खन जैसी घूमती है!" मिसेस मल्होत्रा म्हणाल्या. "लगता ही नहीं कि ताला लगा है!"

"कल तेल डाला है," मी म्हटलं.

दार उघडलं. मिसेस मल्होत्रा आत डोकावल्या. "हाय, ठाकुर साहब, ये परदे कब से नहीं धुले? और नाश्ते में क्या, सिर्फ़ चाय? विभा भाभी होतीं तो..."

साहेबांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पास."

मी गच्चीवर गेले. उरलेल्या रजया दोरीवर टाकल्या, चिमटे लावले. उतरताना पाहिलं, मिसेस मल्होत्रा अजून उंबऱ्यातच होत्या आणि कुठल्याशा पुतण्याच्या साखरपुड्याचं सांगत होत्या. साहेब दाराला टेकून ऐकत होते. त्यांची ऑफिसची वेळ होऊन गेली होती. मला उशीर होत होता, म्हणून मी मध्ये न थांबता खाली गेले आणि शाळेची बस पकडली.