आरशापलीकडचा टॉवेल

सासरेबुवांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, आरशाकडे बघितलं आणि बटण पुन्हा लावलं. मग परत काढलं, परत बघितलं, परत लावलं. पलंगावर बसून मोज्यांची जोडी जुळवणाऱ्या जावईबापूंना वाटलं, काजात काहीतरी अडकतंय.

"बाबा, मदत करू का?"

"श्श!" सासरेबुवा ओठांवर बोट ठेवून जवळ आले आणि त्यांच्या कानाशी लागले. "त्या आरशाकडे पाठ करून बोला. ओठ दिसता कामा नयेत."

"कोणाला?"

"तेच तर शोधायचंय."

संध्याकाळी सासरेबुवांच्या पुतणीच्या लग्नाचा स्वागतसमारंभ होता. घरातल्या बायका आदल्या दिवशीच लग्नघरी पोचल्या होत्या. तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून सासरे-जावयांची रवानगी जवळच्या एका जुन्या लॉजवर, एकाच खोलीत झाली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जावईबापूंनी सासरेबुवांना गळ्यापर्यंत बंद बटणांशिवाय कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहण्याची इच्छाही नव्हती. दुसरा बाहेर गेला की आपण कपडे बदलू, असं दोघांनीही मनात ठरवलं होतं. त्यामुळे दुपारपासून दोघंही एकमेकांना "जरा फेरफटका मारून या ना, हवा छान आहे" असा आग्रह करत होते, आणि हवा छान असूनही कोणी हलत नव्हतं. खोलीला न्हाणीघर होतं, पण त्याचा नळ गळत होता, फरशीवर तळं साचलं होतं आणि भिंतीला एकही खुंटी नव्हती.

सासरेबुवा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. समोरचा फसवतोय हे धरूनच दुकानात शिरायचं आणि कसा फसवतोय ते शोधून बाहेर पडायचं, यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत आणि संशय मात्र पूर्ण ताकदीने शिल्लक राहिला. तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर कोणीतरी एक लेख पाठवला. दुकानांच्या कपडे बदलायच्या खोल्यांत, हॉटेलांत असे आरसे लावलेले असू शकतात की अलीकडून आपल्याला फक्त आपण दिसतो आणि पलीकडून आपण सगळ्यांना दिसतो. ते कसे ओळखावेत, असा तो लेख होता. त्या दिवसापासून सासरेबुवांना पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटू लागलं. केशकर्तनालयात तर ते अर्धं डोकं कापून झालेलं असताना उठून आरशाच्या मागे डोकावून आले होते.

"नख टेकवायचं," सासरेबुवा कुजबुजले. "नख आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात फट दिसली, तर आरसा सरळमार्गी. नखाला नख चिकटलं, तर समजायचं, पलीकडे कोणीतरी खुर्ची टाकून बसलंय."

"मग टेकवा ना."

"माझी मी सकाळीच कापली. तुमची बघू."

जावईबापू दंतवैद्य होते. त्यांची नखं कायमच मांसापर्यंत कापलेली असत. तरीही सासऱ्यांचा शब्द मोडवेना म्हणून त्यांनी करंगळीचं होतं तेवढं नख काचेवर टेकवलं.

"फट आहे, बाबा."

"कुठे? मला तर चिकटलेलं दिसतंय."

"चष्मा लावा."

चष्मा लावल्यावर सासरेबुवांना फट दिसली. मान वर केल्यावर ती नाहीशी झाली. मान खाली केल्यावर दोन फटी दिसल्या.

"म्हणजे काय समजायचं?" जावईबापूंनी विचारलं.

"संशयास्पद," सासरेबुवा म्हणाले, आणि त्यांनी खोलीतले दिवे घालवले.

लेखात पुढची युक्ती अशी होती की अंधार करायचा, दोन्ही हातांचा आडोसा करून काचेला डोळे लावायचे आणि पलीकडे काही हलतंय का बघायचं. सासरेबुवांनी आरशाला नाक चिकटवलं आणि दुसऱ्याच क्षणी ते मागे सरकले ते थेट जावयाच्या पायावर.

"आहे! आत माणूस आहे! डोळा दिसला मला!"

"बाबा, तुमचाच असेल तो."

"माझा डोळा मी ओळखणार नाही? हा लाल होता. आणि वटारलेला."

"अहो, पण तुमचाही…"

"माझा काय?"

"काही नाही," जावईबापू म्हणाले आणि पाय चोळत बसले.

सासरेबुवांनी दिवे पुन्हा लावले. आता राहिली शेवटची युक्ती. आरशावर ठोकून बघायचं. मागे भिंत असेल तर ठस्स आवाज येतो, मागे पोकळी असेल तर घुमतो. सासरेबुवांनी टॉवेल खांद्यावर टाकला, बोट वाकवलं आणि ठोकलं. टक टक टक.

आवाज घुमला. सासरेबुवांनी जावयाकडे बघितलं. आणि मग आरशातून उत्तर आलं.

टक टक टक.

आतापर्यंत जावईबापूंचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आता मात्र ते पलंगावरून उठून उभे राहिले. सासरेबुवांनी धीर करून दोनदा ठोकलं. पलीकडूनही दोनदाच आलं. सासरेबुवांनी एकदाच हळूच ठोकलं. पलीकडून एकदाच आणि हळूच.

"हिशेबाचा पक्का आहे," सासरेबुवा म्हणाले. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि आरशावर ओरडले, "कोण आहे तिकडे?"

"आधी तुम्ही कोण ते सांगा!" आरसा म्हणाला. आवाज भारदस्त होता.

"लाज नाही वाटत लोकांच्या खोलीत बघायला?"

"मी बघतोय? मी माझ्या खोलीत उभा आहे!"

"मीपण माझ्याच खोलीत उभा आहे!"

"मग बघताय कशाला?"

"मी नाही, तुम्ही बघताय! भामटे कुठले!"

"चोर तर चोर, वर शिरजोर! चावट म्हातारा!"

"म्हातारा?" सासरेबुवांनी चमकून जावयाकडे बघितलं. "बघितलंत? त्याला वय दिसतंय!"

"आवाजावरून कळलं असेल, बाबा."

"थांबा, आत्ता सोक्षमोक्ष लावतो." सासरेबुवा पुन्हा आरशाकडे वळले. खांद्यावरचा टॉवेल आता त्यांनी मुठीत आवळून धरला होता. "नाही ना दिसत? मग सांगा, माझ्या हातात काय आहे?"

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"टॉवेल!"

सासरेबुवांनी टॉवेल झटकन पाठीमागे लपवला. समारंभाच्या आधी लॉजच्या खोलीत माणसाच्या हातात टॉवेल नाहीतर दुसरं काय असणार, हे जावईबापूंना एरवी सुचलं असतं. पण त्या वेळी त्यांना भलतंच आठवत होतं. दुपारी सासरेबुवा घोरत असताना याच आरशासमोर उभं राहून त्यांनी पोट आत ओढून बघितलं होतं, मग सोडून बघितलं होतं, आणि मग बराच वेळ बाजूने बघितलं होतं.

"आता तुम्ही सांगा," आरसा म्हणाला. आवाजातला भारदस्तपणा किंचित कमी झाला होता. "माझ्या हातात काय आहे?"

 सासरेबुवा तोंडाला येईल ते बोलून गेले. "टॉवेल!"

पलीकडे काहीतरी जड वस्तू खाली पडल्याचा आवाज आला.

मग मात्र दोन्हीकडून एकाच वेळी मॅनेजरला फोन गेले. पलंगावरची चादर आरशावर टाकून ती दोन्ही हातांनी धरून ठेवायचं काम जावईबापूंकडे आलं, आणि मॅनेजर धापा टाकत दारात उगवला तेव्हा त्याला प्रथमदर्शनी दिसला तो भिंतीला चादर लावून हात वर करून उभा असलेला एक दंतवैद्य.

"साहेब, हा साधा आरसा आहे हो," मॅनेजर काकुळतीला आला. "शेजारच्या साहेबांनाही तेच सांगून आलो. तेही हेच म्हणतायत."

"काय म्हणतायत?"

"की आरशातून कोणीतरी बघतंय."

"बघा! म्हणजे त्यांनाही बघतायत!"

"त्यांना तुम्ही बघताय म्हणे."

"मी कसा बघेन? मला ते दिसतच नाहीत!"

"तेही अगदी हेच म्हणाले."

सासरेबुवा विचारात पडले. "त्यांना मी दिसत नाही, मला ते दिसत नाहीत. मग आम्हा दोघांनाही बघणारा तो तिसरा कुठे आहे?"

मॅनेजरने नकळत मागे वळून बघितलं. जावईबापूंनीही बघितलं. दारामागे फक्त छत्री होती.

"काढा तो आरसा," सासरेबुवांनी फर्मावलं. त्यांच्या आवाजात जुना अधिकार परत आला होता. "आमच्या डोळ्यांदेखत काढा. नाहीतर मी या अवस्थेत समारंभाला जाईन आणि भेटेल त्याला कारण सांगेन."

"आणि इकडचापण काढा!" चादरीमागून आवाज आला. "नाहीतर राहू दे, मीच काढतो!"

मॅनेजरने खाली जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला. तो पहिला स्क्रू काढत असतानाच जावईबापूंचा फोन वाजला. चादर आता लागत नव्हती, म्हणून त्यांचे हात मोकळे होते. पलीकडून बायको.

"अहो, आहात कुठे तुम्ही? फोटोवाले खोळंबलेत."

"निघतोच आहोत. जरा आरसा काढतोय."

"काय काढताय?"

"काही नाही. बोल."

"हे बघा, नवऱ्या मुलाचे मामाही अजून आलेले नाहीत. तिकडे सगळं त्यांच्या विचाराने चालतं. ते तुमच्याच लॉजवर उतरलेत, अगदी शेजारच्याच खोलीत. येताना त्यांना सोबत घेऊन या. आणि बाबांना म्हणावं, त्यांच्याशी जरा गोड बोला. काल कुठल्यातरी बारीकशा गोष्टीवरून नाराज होऊन बसले होते म्हणे."

जावईबापूंनी आरशाकडे बघितलं. "कुठल्या बाजूच्या खोलीत?"

"मला काय माहीत? एकाच बाजूला खोली असेल ना, तुमची कोपऱ्यातली आहे."

खरंच एकाच बाजूला होती.

"बाबा, थांबा!" जावईबापू ओरडले. "मॅनेजर, थांबा! तो आरसा परत लावा!"

"आता थांबणं नाही," सासरेबुवा म्हणाले. "त्या भामट्याचं तोंड बघितल्याशिवाय मी हलत नाही."

"बाबा, ते भामटे मुलाचे मामा आहेत!"

सासरेबुवांनी मान वळवली. पण त्याच क्षणी मॅनेजरने शेवटचा स्क्रू काढून आरसा उचलला, पलीकडेही काहीतरी खडखडलं, आणि दोन खोल्यांच्या मधोमध उजेडाचा एक चौकोन पडला.

भिंत नव्हतीच. तिथे माणूस कमरेपासून वर आरामात मावेल एवढी खिडकी होती. आणि खिडकीत एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात नुकताच काढलेला आरसा, अंगावर फक्त टॉवेल. इकडे सासरेबुवांचा शर्ट या धावपळीत कधी उघडला कोणाला कळलं नव्हतं, आणि बनियनला पोटावर बऱ्यापैकी मोठं भोक होतं. जावईबापूंनी भक्तिभावाने छताकडे नजर लावली.

"पूर्वी इथे खानावळ होती," मॅनेजर घाईघाईने सांगू लागला. "तिकडे स्वयंपाकघर, इकडे जेवायची खोली. ही ताटं द्यायची खिडकी. बुजवायची राहून गेली, म्हणून दोन्हीकडून आरसे लावले. हे बघा, मागे जाड प्लायवूड आहे. दिसणं शक्यच नव्हतं. आरसे होते तोवर कोणालाच काही दिसत नव्हतं!"

"आता दिसतंय," मामा म्हणाले.

 जावईबापूंच्या डोळ्यांसमोर मोडलेल्या सोयरिकी, रडणाऱ्या मावश्या आणि पुढची वीस वर्षं घरात निघत राहणारा हा विषय सरकून गेला.

"तुम्ही मुलीचे काका का?" मामांनी विचारलं.

"हो. आपण मामा?"

"मामा."

सासरेबुवांनी हात जोडले. मामांनी आरसा पलंगावर टेकवला आणि एका हाताने नमस्कार केला. दुसरा हात टॉवेलला हवा होता.

"ते मघाशी मी जे बोललो…" सासरेबुवांनी सुरुवात केली.

"ते सोडा. मला एक सांगा," मामा खिडकीतून पुढे वाकले, "तुम्ही नख लावून बघितलं होतं का?"

सासरेबुवांचा चेहरा उजळला. "तुम्हीपण?"

"म्हणजे काय! फट दिसली?"

"चष्म्याच्या खालच्या भिंगातून नाही. वरच्यातून दोन."

"अगदी तस्संच! आमच्या घरी कोणाला पटत नाही हो. मी तिकीट तपासनीस होतो. माणूस नुसता खिडकीकडे बघायला लागला तरी मला कळायचं की याच्याकडे तिकीट नाही. पण घरात कोण ऐकतो?"

"कोणी नाही," सासरेबुवा म्हणाले आणि त्यांनी पलंगाशेजारची खुर्ची खिडकीपाशी ओढली. "आमच्याकडेही तीच तऱ्हा."

मॅनेजर आरसा उचलून पुढे झाला, तर दोघंही त्याच्यावर एकदम खेकसले, "राहू दे तो!" मग गप्पा रंगल्या. मामांनी सासरेबुवांच्या डोळ्यांत बघून राहिलेली अर्धी दाढी केली. कुठे फेस उरलाय ते सासरेबुवा सांगत होते. सासरेबुवांनी मामांसमोर शर्ट बदलला, पँट बदलली, आणि टायची गाठ तर मामांनी खिडकीतून हात घालून स्वतः बांधून दिली. तेवढ्यात मामा अजून का आले नाहीत ते बघायला शेजारच्या खोलीत मामी शिरल्या. खिडकी बघून त्यांनी "अगं बाई, हे काय?" म्हटलं आणि मग ओळख झाल्यावर त्याही कोपर टेकून उभ्या राहिल्या. मॅनेजरला निघायचं भानच उरलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. फोटोवाले आता जायच्या गोष्टी करत होते.

"चला, चला," सासरेबुवा उठले. ते टापटीप तयार होते. त्यांनी जावयाला आपादमस्तक न्याहाळलं. जावईबापू अजून प्रवासातल्या चुरगळलेल्या पायजम्यात उभे होते आणि त्यांच्या हातात इस्त्री केलेली पँट होती.

"हे काय, जावईबापू? अजून तुमचं आवरलं नाही?"

"बाबा, मी… इथे?"

"मग कुठे?" सासरेबुवांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीत मामा होते, मामांच्या शेजारी मामी होत्या, दारात आरसा काखेत धरून मॅनेजर उभा होता. "बदला की पटकन. इथे कोण बघतंय तुम्हाला?"

जावईबापूंनी पँट खांद्यावर टाकली, गाडीची किल्ली घेतली आणि गाडीत कपडे बदलायला ते जिना उतरू लागले.