तीनच्या जागी चार

रंगराव चाकणच्या एका कंपनीत टूलरूमचे इन्चार्ज. "कुठलाही पार्ट कुठंही बसवून दाखवतो," असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणाला सांगायची संधी ते देतच नसत! त्यामुळे रविवारी सकाळी त्यांची लेक योगिनी म्हणाली, "पप्पा, कॉम्प्युटर फारच रखडतोय, आणि सहापर्यंत फायनल इयरचा प्रोजेक्ट अपलोड करायचाय," तेव्हा साहेबांनी लगेच चपला चढवल्या.

"रॅम वाढवायची! त्यात काय एवढं?"

कासारवाडीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार सुजितनं विचारलं, "काका, रॅम कुठल्या पिढीची? डीडीआर थ्री लागते की फोर?"

"चार मिळत असताना तीन कोण घेईल? चार दे!"

"जुन्या मशीनला फोर बसणार नाही हां."

"बसणार नाही?" रंगराव असे काही हसले, की सुजितनं मुकाट्यानं रॅमची पट्टी बांधून दिली.

घरी पट्टी बसेना. तिची खाच एकीकडे, सॉकेटमधला अडसर भलतीकडे!

"पप्पा, बदलून आणू या ना!"

"अगं, चार-पाच मिलिमीटरचा तर प्रश्न आहे!"

मोजायला व्हर्नियर निघालं, घासायला कानस निघाली. सोनेरी भुगा टेबलावर पडू लागला. पाऊण तासानं नवी खाच तयार झाली आणि पट्टी खट्कन बसली. रंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बघ, केसाचाही फरक नाही!" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

कॉम्प्युटर काही सुरू झाला नाही. धूर मात्र झकास सुरू झाला!

"माझा प्रोजेक्ट!" योगिनी रडायलाच लागली. मशीन स्कूटरवर पायापाशी ठेवून दोघं पुन्हा दुकानात गेले.

सुजितनं मदरबोर्ड पाहून हात जोडले. "हा गेला. पण प्रोजेक्ट डिस्कवर असतो काका. लाईट गेली की रॅम सगळं विसरते, डिस्क नाही विसरत." त्यानं डिस्क काढून आपल्या मशीनला लावली. प्रोजेक्ट सापडला, साडेचारला अपलोडही झाला. रंगरावांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच आवाजही परत आला.

"पण मला सांग, खाचा वेगवेगळ्या जागी ठेवायचा हा दीडशहाणपणा कुणाचा?"

"मुद्दामच ठेवतात काका. चुकीचा पार्ट कुणी कितीही जोर लावला तरी बसूच नये म्हणून. तुमच्या कंपनीत नाही का असलं काही शिकवत?"

रंगराव एकाएकी भिंतीवरच्या माऊसच्या किमती वाचू लागले.

"शिकवतात की," योगिनी म्हणाली. "दर सोमवारी. आणि शिकवणारे पप्पाच!"